गड्डमबाईंचा तास

गड्डमबाईंशी माझं पहिलं बोलणं झालं ते भांडणच होतं, आणि तेही ठरवून केलेलं.

मी सोलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते. मोहोळहून रोज एसटीनं यायचे. शिक्षकांच्या खोलीत कोणती खुर्ची कुणाची, हेही मला अजून कळलं नव्हतं. तेव्हा शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा उघडून बसलेल्या, बुटक्या, जाड चष्म्याच्या एका बाईंनी मला एकदम विचारलं, "तुला भांडता येतं का गं?"

मी गोंधळून नाही म्हटलं.

"मग शीक. जेवणाच्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात ये. दार न वाजवता. माझा नकाशा तू पळवलास असं मी म्हणेन, तू नाही म्हण. आवाज चढव. मग टेबलावरचं काहीतरी उचल आणि चालती हो."

मी गेले. सुरुवातीला शब्द फुटेना. पण बाई सगळ्या वर्गासमोर मला चोर म्हणाल्या आणि मला खरोखरच राग आला. मी काय काय बोलले ते आठवत नाही, पृथ्वीचा गोल उचलून बाहेर पडले एवढं आठवतं. दाराबाहेर थांबून ऐकत राहिले. आत बाई शांतपणे म्हणत होत्या, "आता जे झालं ते लिहा. शेजाऱ्याचं बघायचं नाही."

मग त्यांनी एकेकाला उभं करून वाचायला लावलं. माझी साडी कुणी हिरवी लिहिली होती, कुणी निळी. मी आधी ओरडले असं कुणाचं म्हणणं, बाई आधी ओरडल्या असं कुणाचं. एका मुलीनं मी रडत बाहेर गेले असं लिहिलं, आणि मागच्या बाकावरच्या एकानं तर बाईंनी माझ्या थोबाडीत मारली असंही लिहून टाकलं.

"ही आत्ताची गोष्ट," बाई म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांदेखत घडलेली. तरी तुमचं एकमत नाही. मग तीनशे वर्षांमागचं कुणी लिहून ठेवलं असेल, तर आधी विचारायचं, लिहिणारा कुठल्या बाकावर बसला होता?"

शाळा सुटायच्या आत मुख्याध्यापक देशमाने सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. दोन शिक्षिकांची हाणामारी झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. बाई म्हणाल्या, "सर, झाली असं कोण म्हणतंय, ते कुठं बसलं होतं विचारा," आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या.

इतिहासाच्या बाई म्हटलं की सनावळ्या आठवतात. पद्मजा गड्डम यांना सन लक्षातच राहत नसत. फळ्यावर चुकून काहीतरी लिहायच्या आणि पोरं हसली की "मग बघा की पुस्तकात, पुस्तक कशाला आहे?" म्हणायच्या. त्यांचं अक्षर तर त्यांचं त्यांनाही लागत नसे. घराणं विणकरांचं, घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात भाजीवालीशी दख्खनी. राग आला की मात्र मनापासून तेलुगू. "अय्यो देवुडा!" असा आवाज भिंतीपलीकडून आला की माझ्या वर्गातली पोरंसुद्धा सरळ बसत. त्यांच्या कापडी पिशवीत कधी गिरणीतली सूत गुंडाळायची जुनी कांडी असायची, कधी कुणाच्या आजीचं जातं उखडताना निघालेला खुंटा, कधी गंजलेलं कुलूप. वस्तू मुलांच्या हातात द्यायची आणि विचारायचं, "ही कुणी वापरली? कसं कळलं?" उत्तर बरोबर आलं तरी छान म्हणायचं नाही. वर्गात टाळ्या वाजवायला तर सक्त बंदी. "टाळी वाजली की डोकं थांबतं," हे त्यांचं ठाम मत.

त्या सगळ्यांना आवडत होत्या असं नाही. शेजारच्या वर्गात गणित घेणारे सर दर आठवड्याला गोंगाटाची तक्रार करत. अभ्यासक्रम कायम मागं. मार्च उजाडला की राहिलेले धडे धडाधड उरकायच्या आणि त्या दिवसांत त्यांच्या जवळ जायची सोय नसायची. चुकलेल्या मुलाला त्या लागेल असं बोलत. एकदा मी म्हटलं, "बाई, पोरगं रडायला लागलं." तर म्हणाल्या, "रडू दे. न वाचता बोललं ते." तसं म्हणून झाल्यावर दिवसभर त्या पोराच्या आसपास घुटमळत राहिल्या, तेही मी पाहिलं.

एकदा त्यांनी नववीचा वर्ग किल्ल्यावर नेला. निम्मी मुलं वर तटावर, सावलीत. निम्मी खाली उन्हात. पाण्याच्या बाटल्या सगळ्या वरच्यांकडे, डबे सगळे खालच्यांकडे. "हा वेढा," बाई म्हणाल्या. "आता तुमचं तुम्ही बघा." मी सोबत गेले होते. आधी हसणं-खिदळणं चाललं. मग ऊन लागायला लागलं, वरच्यांना भूक लागली, आणि बघता बघता पोरांचे चेहरेच बदलले. वरून कुणीतरी पाणी जमिनीवर ओतून दाखवलं. खालून दगड गेला. मी बाईंकडे बघितलं. त्या दगडाकडे बघत होत्या आणि त्यांचा हात ओठांवर होता. "आता थांबवा," मी म्हटलं. "थांब," त्या म्हणाल्या, "एकजण तरी बोलायला वर जाईल." आणि खरंच, एक पोरगी हातात दोन डबे घेऊन वर चढायला लागली. तह झाला. पण दोन जिवलग मैत्रिणी पुढं कितीतरी दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि त्यांतल्या एकीची आई शाळेत येऊन म्हणाली, "बाई, काय शिकवलाव हो? पोरगी भांडी घासायला सांगितलं की म्हणते, मी अटी मान्य करणार न्हाय."

ती आई होती सानिका मानेची. डबे घेऊन वर चढलेली पोरगी म्हणजे आफ्रीन शेख. पुढं जे घडलं ते या दोघींच्या बाबतीतच.

दहावीत असताना बाईंनी त्यांना भीमेकाठची औरंगजेबाची छावणी शिकवायला घेतली. आपल्या जिल्ह्यातच, ब्रह्मपुरीला, बादशहा वर्षानुवर्षं तळ ठोकून होता. पुस्तकात त्यावर जेमतेम दोन ओळी. बाईंनी पिशवीत चिठ्ठ्या टाकल्या: सरदार, उंटवाला, छावणीतला वाणी, नदीकाठची शेतकरीण, हेर. जी चिठ्ठी निघेल तिच्या बाजूनं बोलायचं. आवडो न आवडो. आठवडाभर वाचायचं, विचारायचं, मग उभं राहायचं. सरदाराची चिठ्ठी सानिकाला निघाली. शेतकरणीची आफ्रीनला. सानिका तोंड वाकडं करून म्हणाली, "बाई, मला बदलून द्या की." बाई म्हणाल्या, "जन्म बदलून मिळतो का?"

त्या दिवशी मला मोकळा तास होता म्हणून मीही मागं जाऊन बसले. सानिकानं ओढणीचा फेटा बांधला होता आणि काजळानं मिशा काढल्या होत्या. ती बोलायला लागली आणि वर्ग गप्प झाला. घरापासून किती लांब आलो, मुलांचे चेहरे कसे विसरलो, हे सगळं सांगून मग ती आवाज चढवत म्हणाली, "पण हा मुलूख आमचा होणार! तुमचे किल्ले एकामागून एक पडतील. आणि का पडतील माहिती आहे? तुमची तुमच्यातच भांडणं आहेत!" पोरांनी बाकं बडवली. टाळ्यांना बंदी होती, बाकांना नव्हती.

हल्ली प्रत्येक उपक्रमाचा व्हिडिओ काढून वर पाठवावा लागतो. संगणकाच्या सरांनी तेवढाच भाग काढला होता आणि संध्याकाळी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला, कौतुकानं. तिथून तो कुणीतरी उचलला. सकाळपर्यंत त्यातलं लांब घराचं बोलणं उडालं होतं, मुलांचे चेहरे विसरल्याचं उडालं होतं. उरलं होतं ते "हा मुलूख आमचा होणार" आणि बाकांचा आवाज. खाली कुणीतरी लिहिलं होतं, सोलापूरच्या शाळेत काय शिकवतात बघा.

मी एसटीतून उतरून शाळेपाशी आले तर फाटकाबाहेर माणसं जमलेली. मोटारसायकली आडव्या लावलेल्या. शिपाई फाटकाला आतून पाठ लावून उभा. मला बाजूच्या दारानं आत घेतलं. देशमाने सरांच्या खोलीत बाई उभ्या होत्या आणि सर दोन्ही हातांनी टेबल धरून म्हणत होते, "बाई, ती मुलगी कोण एवढंच ते विचारतायत. तिच्या वडलांना बोलावून घेऊ, मुलगी माफी मागेल, विषय मिटेल."

मिशा आणि फेट्यामुळं बाहेरच्यांना मुलगी ओळखू आली नव्हती.

"नाव मिळणार नाही," बाई म्हणाल्या.

"ती बोलली ते तिचं नाहीच, तुम्ही सांगितलंत म्हणून..."

"मग माझं नाव द्या."

त्या माझ्याकडे वळल्या. मी कधी त्यांचा आवाज इतका हलका ऐकला नव्हता. "सुजाता, सानिका कुठं आहे? तिला प्रयोगशाळेत घेऊन जा. आतून कडी लाव. तोंड धुतलंय का बघ, काजळ राहतं कानापाशी."

सानिका जिन्याखाली उभी होती. तिला सगळं कळलं होतं. मी तिला प्रयोगशाळेत नेलं, ओल्या रुमालानं कानापाशी पुसलं. ती म्हणाली, "मॅडम, पप्पांना मोहोळच्या काकांचा फोन आलता. पप्पा येतील आता. ते मला शाळेतून काढतील." मी काहीतरी समजूत घालत होते, पण माझं लक्ष खिडकीकडे होतं. प्रयोगशाळा तळमजल्यावर, खिडकी पटांगणावर उघडणारी. मी एक झडप जरा ढकलली.

बाई फाटकाकडे निघाल्या होत्या. एकट्या. देशमाने सर व्हरांड्याच्या पायरीशी थांबले. बाईंनी शिपायाला फाटक उघडायला सांगितलं. त्यानं मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी तेलुगूत. फाटक उघडलं.

माणसं आत आली ती एकदम थांबली. समोर एवढीशी बाई असेल असं त्यांना वाटलं नसावं. पुढच्या तरुणानं मोबाइल समोर धरला. "काय शिकवायलाव तुमी पोरांला? मोगलांचे पोवाडे? माफी मागा. हितं, कॅमेऱ्यासमोर. आन ती पोरगी कुटंय?"

"माफी मागते," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही किती बघितलं ते आधी सांगा."

"बघितलं तेवढं लई झालं!"

"तो तास मोठा होता. तुम्ही त्याचं टोक बघितलंय. सगळा ऐका, मग म्हणाल ते करते."

मागून कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी म्हणालं, "बोलवा मग पोरांना, करू द्या नाटक." मला तीच भीती होती, कारण तो रस्ता सोपा होता. मुलं आली असती, सगळं करून दाखवलं असतं, माणसं कदाचित खूशही झाली असती. पण मग ती मुलगी कोण हे सगळ्यांना कळलं असतं.

"मुलं येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "मी करते."

आणि खरंच त्यांनी सुरुवात केली. पदर खोचला, मान वर केली आणि सानिकाचं भाषण सुरू केलं. ज्या बाईंना सन आठवत नसत त्यांना एका मुलीचं अख्खं बोलणं तोंडपाठ होतं. घरापासून लांब आलो ते, मुलांचे चेहरे विसरलो ते. "हा मुलूख आमचा होणार!" हे वाक्य त्यांनी मुद्दाम जोरात म्हटलं. गर्दी पुढं सरकली. मोबाइलवाल्याच्या शेजारचा माणूस त्यांच्या इतका जवळ आला की मी खिडकीची दांडी घट्ट धरली. माझ्या मागं सानिका म्हणत होती, "थांबवा ना बाईंना. थांबवा ना."

बाई थांबल्या नाहीत. त्या दोन पावलं बाजूला सरकल्या, वळल्या, आणि सरदार उभा होता त्या जागेकडे बघत म्हणाल्या, "आता नदीकाठची बाई बोलते."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला. मोठा, खणखणीत. "सरदारसाहेब! मुलूख तुमचा म्हणता, मग ह्या रानात काल काय पेरलं हुतं ते सांगा!"

आफ्रीन. दहावीच्या वर्गाच्या खिडकीतून.

सगळ्या माना वर झाल्या. आणि बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवसात पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. "आत जा!" त्या किंचाळल्या. "आत जा, खिडकी लाव!" खिडकी धाडकन बंद झाली.

गर्दीत एक वयस्क माणूस होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो म्हणाला, "पुढं काय म्हनली ती?"

बाईंनी श्वास घेतला. मग त्या बोलल्या, पण आता नाटकासारखं नव्हतं. "ती म्हणाली, सांगा की. तुमाला ठाऊक न्हाय. मुलूख त्याचा, ज्याला ठाऊक हाय कुठल्या रानाला पाणी कवा लागतं. तुमच्या उंटांनी माझा हरभरा खाल्ला. तुमी किल्ले घ्याल. घ्या. किल्ल्यावर पीक येत न्हाय. तुमचा बादशा हितंच म्हातारा व्हईल, तुमी वाट बघत ऱ्हाल घरची, आन आमी परत पेरू."

टॉवेलवाला म्हातारा मान हलवत राहिला. "आमचं रान तिकडंच हाय की," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. मागची दोन-चार माणसं मोटारसायकलींकडे वळली. पण मोबाइलवाला हटला नव्हता. "ते सगळं ऱ्हाऊ द्या. माफी मागतो म्हनलाव."

बाई मोबाइलकडे सरळ बघत म्हणाल्या, "माझा तास अर्धाच तुमच्यापर्यंत पोचला, याची मी माफी मागते."

त्याला तेवढं पुरलं. दुपारी तो नवा व्हिडिओ फिरू लागला. त्यात बाई फक्त "मी माफी मागते" एवढंच म्हणत होत्या.

शिक्षकांच्या खोलीत तो बघून आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. बाई मात्र डबा उघडून जेवत होत्या. पण घास तोंडापर्यंत जायचा आणि परत खाली यायचा.

सानिकाचे वडील दुपारी आले आणि तिला घेऊन गेले. बाईंशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा बाई मला म्हणाल्या, "चल." शुक्रवार पेठेत एका बोळात मानेंचं घर, खाली त्यांचंच स्टेशनरीचं दुकान. माने गल्ल्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला बसाही म्हटलं नाही.

"बाई, माझ्या नात्यातले लोक फोन करून विचारायलेत. मानेची पोरगी मोगल झाली म्हणून. मी काय सांगू त्यांना?"

आता बाई वाद घालतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. तुम्ही सानिकाला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"असं जीव तोडून का बोललीस, ते."

माने बराच वेळ कोरे कागद सारखे करत राहिले. मग आत हाक मारली. सानिका दाराशी आली. डोळे सुजलेले. वडलांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "का बोललीस गं एवढं?"

ती खाली बघत म्हणाली, "मी लेचंपेचं बोलले असते तर आफ्रीनला भांडता कसं आलं असतं? तिनं जिंकायला पाहिजे होतं ना पप्पा. खरं जिंकायला पाहिजे होतं."

गिऱ्हाईक आलं, त्याला मानेंनी पेन दिलं. आम्ही निघालो. बोळाच्या तोंडाशी बाई थांबल्या, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. काच स्वच्छच होती. पुढच्या सोमवारी सानिका वर्गात होती. आफ्रीनच्या शेजारी.

पण बाईंचा इतिहास गेला. संस्थेच्या बैठकीत ठरलं आणि देशमाने सरांनी त्यांना बोलावून सांगितलं: पाचवीला कार्यानुभव आणि चित्रकला. सर वाईट माणूस नव्हते. समजावत म्हणाले, "वर्षभराचाच प्रश्न आहे बाई, पुढं निवृत्तीच आहे तुमची." बाई म्हणाल्या, "बरं." मी नंतर खूप संतापून बोलले, निवेदन देऊ, सह्या घेऊ. त्या म्हणाल्या, "तुझी नोकरी कायम झाली का? नाही ना? मग गप."

ते वर्ष मला जड गेलं. इतिहासाला नवे सर आले. भले होते, वेळेवर अभ्यासक्रम संपवायचे. शेजारच्या भिंतीपलीकडून आता आवाज येत नसे आणि गणिताचे सर एकदा स्वतःहून मला म्हणाले, "फारच शांत वाटतं हो." बाई पाचवीला मातीची भांडी करायला शिकवत. हात मातीनं भरलेले, तोंड बंद. कुणी मूल विचारायला गेलं की सांगत, मग पुन्हा गप्प. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ नको म्हणाल्या. शाल नको, भाषणं नकोत. दहावी होऊन गेलेल्या सानिका आणि आफ्रीन फाटकाशी येऊन थांबल्या होत्या. बाईंनी दोघींना बघितलं आणि विचारलं, "कॉलेजात काय घेतलंत?" सानिका म्हणाली कॉमर्स, आफ्रीन म्हणाली सायन्स. "बरं," बाई म्हणाल्या आणि स्कूटी सुरू करून निघून गेल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं होतं, काहीतरी बोलतील.

पुढं मी त्यांना एकदाच पाहिलं.

गेल्या उन्हाळ्यात मी रिक्षानं स्टँडकडे चालले होते. एका बंद गिरणीची बाहेरची भिंत पाडायचं काम चाललं होतं, त्यामुळं वाहतूक अडकली होती. धूळ उडत होती. पडक्या भिंतीच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन बाई उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांच्यासमोर दोन म्हातारे तेलुगूत कडाकडा भांडत होते. एक हात करून एका बाजूला दाखवत होता, दुसरा त्याचा हात खाली ओढून भलतीकडेच दाखवत होता. गिरणीच्या जुन्या संपात फाटक कुठल्या बाजूचं बंद केलं होतं यावरून चाललं असावं. एवढंच मला कळलं. बाई मधे उभ्या, एकदा याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे.

मी रिक्षातून वाकून जोरात हाक मारली, "बाई!"

त्यांनी ऐकलं. मला खात्री आहे. पण त्या वळल्या नाहीत. म्हाताऱ्याच्या तोंडावरची नजर न काढता त्यांनी एक हात मागं केला आणि पंजा माझ्याकडे उभा धरला. थांब, आत्ता नको.

वाहतूक सुटली, रिक्षा पुढं निघाली. धुळीतून तो पंजा तेवढा काही वेळ दिसत राहिला.